अनुशेष कोणाचा मोजता?

भंडारा जिल्हा मागास आहे, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पुढारी सांगतात, संपादक सांगतात, त्यावर शोधनिबंध लिहून प्राध्यापक पदोन्नती घेतात. आमचा प्रश्न साधा आहे. भंडाऱ्यात मागास कोण? तुमसरच्या राईस मिलचा मालक, की त्याच मिलमध्ये पोती वाहणारा हमाल? दोघांचा जिल्हा एकच आहे.

१९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलावर वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. १९८४ च्या तिच्या अहवालाने 'अनुशेष' हा शब्द घरोघरी नेला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. विदर्भावर अन्याय झाला हे यातून आकड्यांनिशी पुढे आले आणि ते आम्हाला मान्य आहे. पण मोजमापाचे एकक जिल्हा ठरले आणि माणूस त्यात बुडाला. कालव्याचे पाणी जिल्ह्यात पोहोचले की अनुशेष कमी होतो. ते कोणाच्या बांधीपाशी थांबले, याचा रकाना तक्त्यात नाही. पुढे मानव विकास निर्देशांक आला. त्यानेही जिल्ह्याच्या हातावर एकच आकडा ठेवला.

पाण्याचेच बघा. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलावांवर, आपल्या भाषेत मामा तलावांवर, फार कौतुकाने लिहिले जाते: पारंपरिक शहाणपण, कोहळी समाजाचे जलज्ञान वगैरे. ते कौशल्य खरे आहे, कोणी नाकारत नाही. पण पाळीवर माती टाकणाऱ्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या? पाळीखालच्या पहिल्या बांध्या कोणाच्या नावे होत्या? कोणत्या घाटावर कोणाला पाणी भरता येत होते? एवढे विचारले की निबंध गप्प होतो.

गोसीखुर्दची तीच कथा. २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी झाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे हजारो कोटींत गेला. विलंब आणि खर्चवाढ यांवर ढीगभर कागद काळे झाले. मोबदल्याचा हिशेब मात्र १८९४ च्या भूसंपादन कायद्याने होत होता. त्या कायद्याला जमीन दिसे, मजुराची बुडालेली रोजी दिसत नसे. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचे नुकसानही कागदावर नाही.

आणि खैरलांजी. मोहाडी तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना ठार मारले गेले. भय्यालाल तेवढे वाचले. विकासाची प्रश्नावली घेऊन या घराकडे बघा. स्वतःची सुमारे पाच एकर शेती, शिकणारी मुले, राबणारी आणि कोणापुढे न झुकणारी आई. कोणत्याही निर्देशांकात हे घर वर चढताना दिसले असते. त्यांच्याच शेतातून वाट काढण्यावरून वाद होता. अर्थशास्त्र ज्यांना प्रगती म्हणते, ती जमीन आणि ते शिक्षणच गावाच्या डोळ्यांत खुपत होते. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची २५ वर्षांची कैद केली. न्यायालयाला जात दिसली नाही, मग संशोधकाला कशी दिसणार? आनंद तेलतुंबडे यांनी या हत्याकांडामागची राजकीय अर्थव्यवस्था पुस्तकात मांडली आहे. भंडाऱ्याच्या 'विकासा'वर लिहिणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे जयंतीला सगळे सांगतात. त्यांनी आकडे कसे मांडले, ते कोण बघतो? १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे शिक्षणाचे निवेदन देताना मुंबई इलाख्याच्या सरासरीवर ते थांबले नाहीत. त्यांनी लोकसंख्येची वर्गवार फोड केली. लोकसंख्येत वरच्या क्रमांकावर असलेला मागास वर्ग शिक्षणात तळाला आहे, हे त्या एका तक्त्याने दाखवले. संशोधन करायचे तर असे.

काही मित्र म्हणतात, जात काढली की विदर्भाची बाजू दुबळी होईल. कशी? विदर्भाच्या नावाने आलेला पैसा कोणाच्या शेतात जिरला हे विचारल्याने विदर्भ दुबळा होत असेल, तर तो विदर्भ आमचा आहे का, हे आधी ठरवा. दुसरी सबब आकड्यांची. कृषी गणना १९८०-८१ पासून अनुसूचित जाती-जमातींची खातेदारी वेगळी मोजते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख, आणि त्यात साधारण दर सहावा माणूस अनुसूचित जातीचा. हे सगळे सरकारी कागद आहेत. २०२७ च्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतले जातीचे आकडे कपाटातच राहिले, हे विसरू नका.

म्हणून एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या आपल्या पोरापोरींना आमचे सांगणे आहे. विषय 'भंडारा जिल्ह्याचा आर्थिक विकास : एक अभ्यास' असा घेऊ नका. एक तलाव घ्या, एक कालवा घ्या, एक गाव घ्या. तलाठ्याकडून सातबारे काढा आणि कोणाच्या नावे किती बांध्या आहेत ते जातवार लिहा. मार्गदर्शक म्हणतील, जात हा अर्थशास्त्राचा विषय नाही. तेव्हा १९२८ चे ते निवेदन त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि वस्तीत कोणी गॅस, शौचालय, मोबाईल मोजायला आले, तर त्यांना बसवा, चहा द्या आणि विचारा: आम्ही कोणाच्या शेतात राबतो आणि मजुरी बुडाली तर कोणाकडे जातो, हा प्रश्न तुमच्या कागदावर कितव्या नंबरला आहे?