रनरच रनआउट!

गुडघा दुखावला की दुखण्याच्या आधी सल्ले येऊन पोहोचतात. कुणी तिळाचं तेल सुचवतं, कुणी नी-कॅप, कुणी भावजयीच्या माहेरचा हाडवैद्य. आणि ऑफिसात एक जण असतोच, जो पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघतो आणि तुमचा लंगडता पाय पाहून म्हणतो, ‘‘तरी मी सांगत होतो, पळून पळून गुडघ्यांची वाट लागते!’’

त्याच्यासाठी एक आकडा पाठ करून ठेवलाय. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. हौस म्हणून धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता. अजिबात न धावणाऱ्या बैठ्या मंडळींमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के निघालं. स्पर्धेसाठी जीव तोडून धावणाऱ्यांचं मात्र १३.३. आपण पडलो हौशी, त्यामुळे लिफ्टवाल्या मित्रा, तू तुझं बघ!

माझं झालं ते असं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पहाटे पावणेसहा, शिवाजी पार्कची चौथी फेरी. फुटपाथवरचा एक पेव्हर ब्लॉक पायाखाली हलला. पाऊल तिथेच राहिलं आणि मी वळले. कट् वगैरे आवाज नाही, किंचाळी नाही. लंगडत घरी आले, आंघोळ केली, मीटिंगही केली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याची मोसंबी झाली.

आता ही मोसंबी कधी झाली, याला फार महत्त्व असतं बरं का. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. कट् असा आवाज आला, तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला आणि पाय टेकला की दगा देतोय, तर संशय एसीएल या लिगामेंटवर जातो. सूज सावकाश चढली, आतल्या नाहीतर बाहेरच्या सांध्याच्या रेषेवर दुखतंय, गुडघा मध्येच अडकतोय, तर संशय मेनिस्कसवर. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीसारखी कुर्चेची गादी. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा बरा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. त्यामुळे फाटली की नाही यापेक्षा कुठे फाटली, यावर बरंच अवलंबून असतं.

एक्स-रे लगेच हवा का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात एक साधा नियम बसवला. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबलं की दुखणं, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर दुखणं, गुडघा ९० अंशांत न वाकणं, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता न येणं. यातलं एकही असेल तर एक्स-रे काढा. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा लाल-गरम होऊन ताप आला असेल, तर ऑफिसला दांडी मारा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिलीज डेट गेली खड्ड्यात!

बर्फाचंही एक गंमतशीर प्रकरण आहे. ‘राइस’ हा मंत्र सगळ्यांना ठाऊक असतो: विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच. (आमच्या आईला वाटलं, डॉक्टरांनी भात खायला सांगितलाय.) हा शब्द गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये आणला आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. आता फिजिओ मंडळींमध्ये २०१९ पासून ‘पीस अँड लव्ह’ चालतं. नाव हिप्पींचं, पण मुद्दा सरळ: पहिले दोन-तीन दिवस जपा, मग दुखणं सांभाळत सांध्याला हळूहळू काम द्या. ठणका असह्य झाला तर दहा मिनिटं बर्फ लावायला माझी काही हरकत नाही. झोप लागणं हाही इलाजच आहे.

एमआरआय झाला. रिपोर्टमधली भाषा वाचून माणूस मृत्युपत्र करायला घेईल अशी असते. माझ्या नशिबी आतल्या मेनिस्कसची, बाहेरच्या कडेची छोटी फाट आली. ज्यांच्या हातात असा कागद पडला असेल त्यांनी हे ऐकून ठेवावं: अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या सुमारे हजार लोकांचे एमआरआय काढले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या गुडघ्यात फाट दिसली, त्यातल्या ६१ टक्क्यांना आदल्या महिन्याभरात दुखणं, आखडणं काहीच नव्हतं! फिनलंडमध्ये तर झिजून फाटलेल्या मेनिस्कसवर काहींची खरी आणि काहींची लुटुपुटूची शस्त्रक्रिया केली. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. तरुणपणी मुरगळून फाटलेल्याचं गणित वेगळं, तिथे कधी टाकेही घालावे लागतात. पण कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख द्यायला लागलं तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा. माझ्या डॉक्टरांनी फिजिओकडे धाडलं.

गुडघा आखडला की मुंबई हे शहर केवढं जिन्यांचं आहे ते कळतं. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादर ते लोअर परळ, मध्ये एकच स्टेशन, पण दोन्हीकडे पूल. दादरला रिक्षा नाहीत आणि एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाला मानेनेच नाही म्हणतो. चुलत बहिणीच्या लग्नात सगळी भावंडं पंगतीत मांडी घालून आणि मी खुर्चीवर, आजेसासूबाईंच्या शेजारी. त्यांनी मायेने विचारलं, ‘‘कितवं चालू तुला?’’ चौतिसावं, आजी.

जिना चढायची रीत मला फिजिओच्या आधी आईनेच दाखवली. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. ती कधीपासून तशी चढतेय, हे विचारल्यावर म्हणाली, ‘‘झाली असतील सहा-सात वर्षं.’’ आणि पुढे गेली.

हे सगळं निभतं. निभत नाही ती पहाट. मी धावायला लागले ते वजनासाठी नाही, मेडलसाठी तर नाहीच. बाबा गेले त्या वर्षी पाचला जाग यायची आणि नंतर काही केल्या घरात बसवायचं नाही. मग बूट घातले. हळूहळू पार्कातली माणसं ओळखीची झाली, ज्यांची आडनावं मला अजून माहीत नाहीत. त्या सव्वा तासात मी कुणाची टीम लीड नव्हते, कुणाचा ईएमआय नव्हता. आता जाग पाचलाच येते आणि छताकडे बघत पडायचं. पहिल्या आठवड्यात ग्रुप म्यूट केला, कारण घामाघूम सेल्फी बघवत नव्हते. हातातलं घड्याळ दर तासाला ‘उठा, हला’ म्हणायचं, तेही ड्रॉवरमध्ये टाकलं.

पाच ते सहा या वेळात आता चटई असते. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मग सरळ पाय उचलायचा. दिसायला काहीच नाही, पण पंधराव्याला मांडी थरथरते. नुसतं पडून राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत मांडी बारीक होते आणि गुडघ्याचा निम्मा आधार तीच. आईची चटई शेजारी. ती बाराव्यालाच थांबते आणि चहा टाकते. बाबांबद्दल आम्ही या वेळेला जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो.

सहाव्या आठवड्यात फिजिओने परवानगी दिली: एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा जास्तीचं दुखणं नको. सूज आली तर मागच्या पायरीवर. पार्कात एक काका रोज पाच फेऱ्या चालतात. त्यांनी मला मागे टाकलं आणि वळून म्हणाले, ‘‘सावकाश, घाई नाही.’’

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन यंदा माझी नाही. २१ किलोमीटरचा बिब कपाटात राहील. ग्रुपने मला पेडर रोडच्या चढावर ड्यूटी लावलीय, केळी आणि मीठ-लिंबाचं पाणी घेऊन. तीन तास उभं राहणं जमणार नाही, म्हणून आईची घडीची खुर्ची नेतेय. ती म्हणाली, मीही येते, पण मग खुर्च्या दोन लागतील.