भाकरीवर खटला

कबड्डी खेळणाऱ्या पोरांचं नुकसान भाकरीनं केलं, असा शोध एका आहारपंडितांनी परवा एका शिबिरात जाहीर केला. म्हणणं थोडक्यात असं: आपली पोरं भात-भाकरीवर वाढतात, म्हणून पोट सुटतं आणि दम लागतो. सबब भात-भाकरी बंद, दोन वेळा प्रोटीनची पावडर सुरू. ते याहून बरंच काही बोलले असतील, पण टेबलावर मांडलेले डबे दिसले आणि माझं लक्ष उडालं.

पोटाचा मुद्दा आधी निकालात काढू. लालबाग-परळच्या किंवा सांगलीकडच्या कुठल्याही मंडळाच्या सरावाला जाऊन उभं राहावं. पोरांच्या बरगड्या मोजता येतात.

दमाचं मात्र नीट पाहायला हवं. सामना २०-२० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात झेप घ्यायची, बोनस टिपायचा, थबकायचं, वळायचं आणि कंबरेला दोघं लटकलेले असताना मध्यरेषा गाठायची. अशा स्फोटक धडपडीत स्नायू प्रामुख्याने ग्लायकोजेन जाळतात, आणि ते बनतं पंडितांनी हद्दपार केलेल्या भात, भाकरी, पोळी, बटाट्यातूनच. शरीरात त्याचा साठा बेताचाच असतो. चरबीतूनही शक्ती मिळते, पण सावकाश; शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असलेला चढाईपटू तिची वाट पाहत बसू शकत नाही. रोज तासभर कसून सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात, असं क्रीडा-आहारशास्त्रच सांगतं. ६५ किलोच्या पोराचा हिशेब ३२५ ते ४५५ ग्रॅमवर जातो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळतात सुमारे ७०. आता भाकऱ्या मोजा आणि सांगा, जास्त होतायत की कमी पडतायत? शिवाय कर्बोदकं तोडली की शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळू लागतं. इतकी महागाची पावडर घ्यायची आणि चंदनाचं खोड चुलीत घालावं तशी ती जाळायची!

हा वाद तसा जुनाच. मातीवरचा खेळ मॅटवर आला त्या सुमारास कबड्डीपटूला पहिलवानाचा खुराक पाजायची हौस काहींना आली होती. दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि वर ‘पचत नाही तर जोर मार’ हा सल्ला. भरल्या पोटानं पोरं पकडीला वाकायची आणि कोपऱ्यात जाऊन ओकायची. तेव्हाही आम्ही तोंड वाजवलं, तेव्हाही आम्हाला अडाणी ठरवलं गेलं. तेव्हा बदाम होते, आता डबे आहेत, आत्मविश्वास तोच.

पावडरीबद्दल एवढंच: आत काय मिसळलंय ते लेबल सांगेलच असं नाही, आणि उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर बंदी खेळाडू भोगतो, दुकानदार नाही.

वजनकाट्याबद्दल मात्र पंडितांनी अवाक्षर काढलं नाही. कुमार गटाला वजनाची मर्यादा असते. स्पर्धेआधी पोरं जेवण सोडतात, पाणी तोडतात, भर उन्हात स्वेटर घालून धावतात. काट्यावर पास झाली की त्याच कोरड्या अंगानं मॅटवर उतरतात. दम तिथं जातो, भाकरीत नाही.

मग खावं काय? फार नवं नाही. सरावाआधी तासभर केळं किंवा गूळ-पोळी. सराव संपला की लगेच जेवण. रात्री अकराला घरी पोचल्यावर नाही. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या ६५ किलोच्या पोराला शंभरेक ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, अर्ध्या लिटर दुधातून १६; उरलेली डाळ, उसळ, शेंगदाणे आणि त्या बदनाम भाकरीतूनही येतात, कारण शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम असतातच. अडचण पैशाची आणि वेळेची आहे. दिवसभर पार्सलं पोचवून पोरगा एका वडापाववर सरावाला येतो. मंडळांनी स्वागतकमानी थोड्या आखूड कराव्यात आणि सरावानंतर मैदानावरच खिचडी नि उकडलेली अंडी द्यावीत. पंडितांनाही पंगतीला बोलावू. त्यांच्या ताटात खिचडी वाढायची नाही, एवढं वाढप्यांना आधीच सांगून ठेवू.