ड्रॉवरमधला कोबो टाकू नका!

तुमच्या फ्रिस्कोच्या घरात जुन्या फोनांचा एक ड्रॉवर असेलच. त्यात कोबोचा ई-रीडर पडून असेल, तर थांबा. ग्लायडरचे वैमानिक त्यावर 'एक्ससीसोर' हे मुक्त सॉफ्टवेअर चालवतात. वारा आणि हातातली उंची यांचं गणित मांडून ते सांगतं, की इंजिनाशिवाय समोरच्या धावपट्टीपर्यंत पोहोचाल की नाही. टेक्ससच्या उन्हात फोनचा पडदा दिसेनासा होतो, ई-इंकचा मात्र लख्ख दिसतो.

जुन्या यंत्रांची दुखणी चमत्कारिक असतात. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजायला दहाच बिट आहेत, म्हणजे १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती शून्यावर आली आणि काही जुन्या यंत्रांची तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. वाचलेल्या तारखेत १०२४ आठवडे मिळवले की काम भागतं. सॉफ्टवेअरचा कोड खुला असेल, तर ही दुरुस्ती तुम्हीसुद्धा करू शकता.

पण स्वयंसेवकांनी तरी जुनी यंत्रं किती काळ सांभाळायची? चाचणीला यंत्रच हाताशी नसेल, तर त्यांनी आधार काढून घेतला म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. आपण, विशेषतः आयटीतली मंडळी, तेवढं तरी करू शकतो: नवी आवृत्ती जुन्या कोबोवर चढवायची आणि काय बिघडलं ते नीट लिहून कळवायचं. चार्जर शोधण्यात अर्धा रविवार जाईल, ते वेगळं.