विश्लेषण : फ्रीलान्स वेब डेव्हलपरची ‘टीम’ जमते कशी, फुटते कशामुळे?

‘वेबसाइट करून देतो’ एवढ्या एका वाक्यात पूर्वी मावणारे काम आता चार-पाच वेगवेगळ्या कसबांचे झाले आहे. त्यामुळे एकेकटे काम करणारे फ्रीलान्सर एकत्र येऊन मोठी कामे घेऊ लागले. यात डिझाइन जुळते, कोडही जुळतो. बिघडते ते बहुतेक वेळा हिशेबात आणि जबाबदारीत. असे का होते आणि कायदा व करव्यवस्था या ‘टीम’कडे कसे पाहते, याविषयी...

एका माणसाचे काम पाच जणांचे कसे झाले?

टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाइट १९९१ मध्ये जगासमोर आली, तेव्हा वेबपान म्हणजे मजकूर आणि दुवे एवढेच होते. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आणि १९९६ मध्ये सीएसएस आले. त्यानंतरही बरीच वर्षे एक हुशार मुलगा किंवा मुलगी रात्र जागून अख्खी वेबसाइट उभी करू शकत होती. साध्या माहितीपर वेबसाइटसाठी आजही हे शक्य आहे. जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामागे हेच कारण आहे.

अडचण सुरू होते ती व्यवहार आल्यावर. समजा, रत्नागिरीजवळच्या एका हापूस बागायतदाराला दलाल टाळून थेट ग्राहकांना पेट्या विकायच्या आहेत. मागणी साधी वाटते. फोटो, दर, पिनकोड टाकल्यावर डिलिव्हरीची तारीख आणि यूपीआयने पैसे. पण पान कमकुवत नेटवर्कवरही झटकन उघडले पाहिजे, हे एक काम. शिल्लक राहिलेली शेवटची पेटी एकाच क्षणी दोघांना विकली जाऊ नये, हे दुसरे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही, तर पुढे काय, हे तिसरे. आणि हे सगळे एप्रिल-मेमध्ये चालले पाहिजे. जूनमध्ये दुरुस्त झालेल्या वेबसाइटचा बागायतदाराला काडीचा उपयोग नाही.

शिवाय काही गोष्टी माहीत नसतील तर चूक नियमभंगापर्यंत जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवता येत नाही. ‘पुढच्या वेळी ग्राहकाला सोपे जावे’ म्हणून तो डेटाबेसमध्ये ठेवणारा डेव्हलपर वाईट हेतूचा नसतो. पेमेंट हा त्याचा विषय नसतो, एवढेच.

मग प्रत्येकाने एकच काम शिकावे का?

ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले. दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात, एकेकट्याने केल्या तर प्रत्येकी २० होणेही कठीण. श्रमविभागणीची चर्चा निघाली की हे उदाहरण हमखास दिले जाते. त्याच ग्रंथातला पुढचा मुद्दा मात्र फारसा कोणी सांगत नाही. श्रमविभागणी किती होणार, हे बाजार किती मोठा आहे यावर ठरते, असे स्मिथ यांनी म्हटले आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात वस्ती इतकी विरळ की प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या घराचा खाटीक आणि बेकरीवाला व्हावे लागते, असा त्यांचा दाखला आहे.

तालुक्याच्या गावातील फ्रीलान्सरची अवस्था नेमकी हीच असते. ‘मी फक्त वेबसाइटचा वेग सुधारतो’ असे सांगून तिथे घर चालत नाही. मंगल कार्यालय, क्लासेस, दवाखाना अशा मिळेल त्या ग्राहकासाठी त्याला लोगोपासून होस्टिंगपर्यंत सगळे करावे लागते. त्यावर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असा शेरा मारणे सोपे आहे, पण त्याचा बाजारच तेवढा आहे. इंटरनेटमुळे पुणे, दुबई किंवा टोरांटोचा ग्राहक मिळाला, तरच त्याला एका विषयात खोल जाणे परवडते. आणि असा ग्राहक एखाद्या अनोळखी तज्ज्ञाला सुट्टे काम देण्यापेक्षा संपूर्ण काम अंगावर घेणाऱ्याला पसंती देतो. म्हणजे स्पेशालिस्ट व्हायचे, तर टीम हवी. टीम ही त्याच्यासाठी हौस नसून पोटापाण्याची अट आहे.

मात्र टीममधल्या माणसाला शेजाऱ्याचे काम अजिबात कळत नसेल, तर तेही चालत नाही. घर बांधताना भिंतीत पाइप कुठून जाणार, हे गवंड्याला माहीत असावे लागते. नाहीतर प्लंबर आल्यावर भिंत फोडावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही असे डिझाइन करणारा डिझायनर हीच भिंत दुसऱ्याला फोडायला लावत असतो.

टीम किती मोठी असावी?

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण आजही लागू पडते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली, की तो आणखी लांबतो. कारण साध्या गणिताचे आहे. तीन माणसांत परस्परसंवादाच्या तीन जोड्या होतात, चौघांत सहा आणि सहा जणांत पंधरा. कंपनीत एक कार्यालय आणि एक वरिष्ठ असतो. फ्रीलान्सरपैकी एकजण पहाटे काम करतो, दुसरा मध्यरात्री आणि तिसऱ्याची दुसऱ्या ग्राहकाची डेडलाइन नेमकी त्याच आठवड्यात असते. त्यामुळे तीन-चार जणांच्या पलीकडे अशी टीम गेली, की कामापेक्षा फोन जास्त होतात. त्याच माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र काम केले, तर हा खर्च कमी होतो. प्रत्येक कामासाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी माणसे शोधणारा टीम बांधत नाही, मजूरअड्डा चालवतो.

पैसे वाटले, तरी कर एकावरच?

टीम फुटण्याची खरी जागा ही आहे आणि ती अनेकांना पहिल्या वर्षी दिसतही नाही. समजा, एका कामाचे चार लाख ठरले. ग्राहकाला एकच बिल हवे असते, म्हणून ते टीमच्या म्होरक्याच्या नावाने जाते. तो १ लाख २० हजार स्वतःकडे ठेवतो आणि २ लाख ८० हजार इतर तिघांना देतो. वर्षाला अशी दहा कामे झाली, तर त्याच्या खात्यात ४० लाख आले आणि हाती १२ लाख राहिले.

अनेक फ्रीलान्सर प्राप्तिकरासाठी ‘४४एडीए’ या नावाने परिचित असलेली सोय वापरतात. तीत हिशेबाची वहीखाती न ठेवता एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. एकट्यासाठी ही सोय वरदान आहे, कारण लॅपटॉप आणि इंटरनेट सोडले तर त्याचा खर्च तो काय? पण या म्होरक्याचे उत्पन्न ४० लाखांच्या निम्मे, म्हणजे २० लाख धरले जाते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीनुसार १२ लाखांवर त्याला कर शून्य आला असता. २० लाखांवर तो उपकरासह २ लाख ८ हजार होतो. जे पैसे त्याने मित्रांना देऊन टाकले, त्यांच्यापायी हा कर बसला. हे टाळता येते, पण मग वहीखाती ठेवणे आणि लेखापरीक्षण करून घेणे आले.

जीएसटीचेही तसेच. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी बंधनकारक आहे आणि उलाढाल म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम, हाती उरलेली नव्हे. परदेशी ग्राहकांची बिलेही त्यात मोजली जातात. ग्राहक कंपनी असेल आणि काम व्यावसायिक सेवा मानले गेले, तर १० टक्के टीडीएस संपूर्ण रकमेवर म्होरक्याच्या नावाने कापला जातो. तो परतावा मिळेपर्यंत अडकतो आणि मित्र मात्र आपला वाटा लगेच मागत असतात. म्होरक्या जास्त पैसे खातो, अशी कुजबुज टीममध्ये सुरू होते ती बहुधा याच सुमारास. त्याचा वाटा ३० टक्के का, याचे उत्तर त्याने कागदावर मांडून दाखवलेले नसते. चूक त्याचीच. पण करव्यवस्थेला चार जणांनी मिळून केलेले काम एका माणसाचेच दिसते, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी.

शक्य असेल तिथे प्रत्येकाने ग्राहकाला स्वतंत्र बिल देणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. ग्राहक त्याला नाखूश असतात. चार बिले, चार करार कोण सांभाळणार? तरीही मोठ्या कामात हा आग्रह धरणे परवडते. ते जमलेच नाही, तर लेखापरीक्षणाचा खर्च आणि जादा कर कामाच्या किमतीत आधीच धरावा. तो म्होरक्याच्या वाट्यातून गुपचूप जाऊ नये.

टीम म्हणजे भागीदारी का?

कागद केला नाही म्हणजे भागीदारी नाही, हा मोठा गैरसमज आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार नफा वाटून घेत मिळून व्यवसाय करण्याचे ठरले असेल, तर तोंडी समजुतीवरही भागीदारी सिद्ध होऊ शकते. एका नावाने, एका लोगोखाली कामे घेणाऱ्या आणि नफ्याची वाटणी करणाऱ्या चौघांनी हे लक्षात ठेवावे. भागीदारीत एकाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी सर्वांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही येते. उलट, नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला ग्राहकाविरुद्ध करारातील हक्कासाठी दावा लावता येत नाही. म्हणजे देणे सर्वांच्या गळ्यात आणि येणे वसूल करण्याची वाट बंद.

२००८ च्या कायद्याखालील एलएलपी या प्रकारात प्रत्येकाची जबाबदारी मर्यादित राहते. पण निम्मे उत्पन्न गृहीत धरण्याची वर सांगितलेली सोय एलएलपीला मिळत नाही. वर्षातून दोन कामे मिळून करणाऱ्यांनी त्या भानगडीत पडू नये. पोट त्यावरच असेल तर मात्र पडावे.

लिहिलेला कोड कोणाच्या मालकीचा?

ग्राहकाला वाटते पैसे दिले म्हणजे कोड आपला. म्होरक्याला वाटते बिल आपले म्हणजे कोड आपला. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते. नोकरदाराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा असतो, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला कोड वेगळा करार नसेल तर सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते धरले जाते.

आपल्या बागायतदाराच्या उदाहरणात पेटीच्या साठ्याचा हिशेब ठेवणारा कोड तिसऱ्याच कोणी लिहिलेला असतो आणि बागायतदाराने त्याचे नावही ऐकलेले नसते. म्हणून दोन कागद लागतात. प्रत्येक सहकाऱ्याने म्होरक्याला हक्क देणारा एक आणि म्होरक्याने ग्राहकाला देणारा दुसरा. पहिला कागद नसेल, तर दुसऱ्यात म्होरक्या आपल्याकडे नसलेली वस्तू विकत असतो.

‘पैसे आले की देतो’ हे चालते का?

टीममधली सर्वाधिक वापरली जाणारी ही अट बहुतेकदा काम संपल्यावर सांगितली जाते. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही ती करता येते. तरीही अनेक फ्रीलान्सर ती ग्राहकाकडून थकल्यावर आठवतात. ग्राहकाने बुडवले तर नुकसान कोणाचे, हे काम घेतानाच ठरवावे. ज्याने ग्राहक निवडला, आगाऊ रक्कम किती घ्यायची हे ठरवले आणि मोठा वाटा घेतला, त्याने जोखीमही मोठी घ्यावी, हे न्याय्य दिसते. केवळ बटनांचे रंग ठरवणाऱ्या डिझायनरला त्यात समान भागीदार करणे न्याय्य नाही.

एआयमुळे टीमची गरज संपेल का?

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, त्यानंतर साचेबद्ध कोड लिहिणे स्वस्त झाले. पाच जणांचे काम आता दोघांत होऊ शकते, हे खरे. मात्र दोनच उरले, तरी बिल कोणाच्या नावाने आणि कोड कोणाच्या मालकीचा हे प्रश्न तसेच राहतात.

ग्राहकाने काय पाहावे?

डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवेचे खाते बागायतदाराच्या स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-मेलवर असावे. टीमला फक्त वापराची परवानगी द्यावी. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना ज्याच्या ई-मेलवर जाते, तो डेव्हलपर दरम्यान बेंगळूरुला नोकरीला लागलेला असू शकतो. करारात चार जणांची नावे आणि कामे असावीत, पण फोन नंबर एकाचाच असावा. हंगाम सुरू झाल्यावर वेबसाइटमध्ये नवे बदल करायचे नाहीत आणि एप्रिलमधल्या रविवारी रात्री ऑर्डर अडकली तर तो एक फोन कोण उचलणार, त्याचे किती पैसे, हेही तिथेच लिहून घ्यावे.