टीव्ही जातो पेटीत!

मुलांनो, परीक्षा जवळ आली की बऱ्याच घरांत टीव्हीवर एक जुनी चादर पडते. चादरीच्या आत टीव्ही आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे हे आईलाही माहीत असतं! अभ्यास, स्वयंपाक आणि टीव्ही एकाच खोलीत असले, की नजर तिकडे जाणारच.

ही अडचण जुनीच आहे बरं का. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यानंतरच्या काळात पुष्कळ टीव्ही लाकडी पेटीत येत आणि पेटीला सरकती दारं असत. काहींना चक्क कुलूप! किल्ली कुणाकडे असायची, ते आजी-आजोबांना विचारा.

टीव्ही पातळ झाले तशी नवी युक्ती आली. बटण दाबलं की कपाटाच्या पोटातून टीव्ही हळूच वर येतो, दुसरं दाबलं की खाली जाऊन बसतो. आत असते एक मोटर. तुम्हाला वाटेल, केवढी मोठी मोटर लागत असेल! चला, हिशेब करू. टीव्ही १५ किलोचा, तो ६० सेंटिमीटर उचलायचा. १५ × ९.८ × ०.६ म्हणजे सुमारे ८८ ज्यूल काम. ते २० सेकंदांत केलं तर साडेचार वॅटसुद्धा लागत नाहीत. जुन्या पद्धतीचा झीरोचा बल्बही याहून जास्त वीज खायचा! घर्षणामुळे खरी मोटर मोठी घ्यावी लागते, ते वेगळं.

ओझं आणखी हलकं करायची युक्ती आमच्या हिरकणीवाडीत रोज दिसते. १९९६ साली सुरू झालेला रायगडचा रोपवे इथूनच वर जातो. एका बाजूचे पाळणे वर निघाले की दुसऱ्या बाजूचे खाली येतात. खाली येणारे वर जाणाऱ्यांना ओढून घेतात. मोटरला उरतो तो फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण.

आता आपण छोटी पेटी करू. बुटांचं खोकं उभं ठेवा, वरची बाजू कापून टाका. पुठ्ठ्याचा टीव्ही करा आणि त्याच्या पाठीला दोन बाजूंना स्ट्रॉचे तुकडे उभे चिकटवा. खोक्याच्या तळात सायकलचे दोन स्पोक ताठ रोवा. ते खोक्याच्या बरेच वर यायला हवेत. स्ट्रॉ त्यांच्यावर ओवा, म्हणजे टीव्ही डुगडुगणार नाही. मागच्या काठावर दोन खाचा पाडून त्यांत गोल पेन्सिल आडवी ठेवा. टीव्हीच्या खालच्या कडेला दोरा बांधा, पेन्सिलीला दोन वेढे देऊन मागे सोडा आणि टोकाला कागदी पिशवी अडकवा. पिशवीत एकेक खडा टाकत जा.

तोल साधला की पेन्सिल नुसत्या चिमटीनं फिरवून पाहा. दोरा घसरत असेल तर पेन्सिलीवर सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब चढवा. मग मोडक्या खेळण्यातली दातेरी चाकांसकट मोटर पेन्सिलीला जोडा. नुसती मोटर नको, ती फार जोरात फिरते. टॉर्चचे दोन सेल पुरे. तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते आणि टीव्ही खाली जातो. घरातल्या प्लगला मात्र हात लावायचा नाही!

टीव्ही टोकाला पोचला की तार लगेच सोडवा, नाहीतर दोरा तुटेल किंवा मोटर तापेल. खऱ्या कपाटात टोकाशी छोटं बटण असतं. टीव्हीची चौकट त्यावर टेकली की वीज आपोआप तुटते. आणि मध्येच लाइट गेली तर? अशा बऱ्याच कपाटांत मोटर लांब आट्यांचा स्क्रू फिरवते, गाडीच्या जॅकसारखा. स्क्रू स्वतःहून उलटा फिरत नाही, म्हणून टीव्ही आहे तिथंच अडकून राहतो. अर्धा आत, अर्धा बाहेर!

खरं सांगायचं तर घरच्या टीव्हीला आईनं शिवलेला पडदा पुरतो. एवढा खर्च कशाला? पण खोक्यातली पेटी जरूर करा. किती खडे टाकल्यावर तुमचा टीव्ही मध्येच तरंगत थांबला, ते मोजून वहीत लिहून ठेवा.