वीज कमी पडते म्हणजे नेमके काय कमी पडते?

उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली, गावोगाव डीपी (रोहित्रे) जळू लागल्या, की एकच मागणी पुढे येते: आणखी वीजप्रकल्प उभारा. बचतीचा विषय काढणाऱ्याला ऐकवले जाते, की भारताचा दरडोई वीजवापर जगाच्या सरासरीहून खूप कमी, मग काटकसर आपणच का करायची? या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात एकुलता एक पंखा, तिथे तो बंद करायला सांगणे अन्यायाचेच. पण कार्यक्षमता म्हणजे पंखा बंद करणे नव्हे. जुना पंखा ७५ वॅट वीज खातो. बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा जवळपास तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. यात गैरसोय कुणाची होते?

आता प्रकल्पांचे बघू. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाचा मोठा भाग अंधारात गेला. त्या वेळी पश्चिमेकडे वीज होती, उत्तरेला ती हवी होती. मधली बीना–ग्वाल्हेर वाहिनी तो भार पेलू शकली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला भर सकाळी मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हाही पडघा–कळवा वाहिन्याच बंद पडल्या होत्या. आणि नुसता प्रकल्प उभा राहिला की प्रश्न सुटतो, हा समज महाराष्ट्राने तरी दाभोळच्या वीजप्रकल्पानंतर सोडायला हवा होता. १९९९ मध्ये तिथला पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती महागडी वीज घेणेच थांबवले.

कमी पडते ती बहुतेकदा वाट, आणि तीही ठरावीक तासांना. दिवसा सौर वीज मुबलक मिळू लागली आहे; संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच वेळी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रवाह १० टक्क्यांनी उतरला, तर ही गळती १९ टक्क्यांनी उतरते. घरात वाचलेले युनिट वाटेतल्या प्रत्येक तारेचा आणि डीपीचा भार हलका करते. नव्या प्रकल्पाची वीज मात्र त्याच तारांतून यावी लागते.

शेतीपंपांकडे पाहिले, की हे लगेच पटते. वीज येताच ऑटोस्विचमुळे शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपीला झटका बसतो. ऐन सिंचनाच्या दिवसांत डीपी जळली, तर उभे पीक वाळते. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर असेल, तर तेच काम कमी प्रवाहात होते. वस्तू स्वस्त आहे. पण ती लावली आहे का आणि चालू आहे का, हे पाहायला कुणी फिरकत नाही.

यावर ‘लोक ऐकत नाहीत’ हे उत्तर पुरेसे नाही. सरकारने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, तेव्हा २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला आणि तो खेड्यापाड्यांत पोहोचला. उपदेशाने हे झाले नसते. महावितरणनेही जळलेली डीपी बदलताना तिच्यावरच्या प्रत्येक पंपाला स्वखर्चाने कपॅसिटर बसवावा, आणि राज्य सरकारने बीएलडीसी पंख्यांची तशीच घाऊक खरेदी पुढच्या उन्हाळ्याआधी करावी.