बाराखडी संपली, पुढे काय?

शाळा सुरू झाल्या की सीमाभागात दरवर्षी त्याच चर्चा रंगतात. मराठी शाळांचा पट किती घसरला, कुठल्या वर्गाला शिक्षक नाही, पालक इंग्रजी माध्यमाकडे का वळले. या चर्चा आवश्यकच आहेत. मात्र ज्या मुलाचे नाव मराठी शाळेत घातले आणि जे काना-मात्रा लावीत शब्द वाचू लागले, त्याच्या हाती पुढे कोणते पुस्तक द्यायचे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

आमच्या मते, मैत्रीची आणि फसलेल्या जादूची गोष्ट द्यावी. वाचकांनी हसू नये. आम्ही हे गंभीरपणे म्हणत आहोत.

नवे वाचणारे मूल एकेक अक्षर सोडवीत पुढे सरकते. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. त्याला ओढून नेईल असे काही पुढच्या पानावर हवे. फसलेल्या जादूत मंत्र तोच असतो, तो पुन्हा पुन्हा म्हटला जातो आणि दर वेळी घोटाळा वाढतो. शब्द ओळखीचे, गंमत मात्र नवी. अमेरिकेत १९५४ साली जॉन हर्सी या लेखकाने ‘लाइफ’ नियतकालिकात तिथल्या नीरस वाचनपाठांवर टीका केली. त्यानंतर १९५७ साली डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ आले. सगळ्या पुस्तकात वेगवेगळे शब्द अवघे २३६. आगंतुक बोका घरभर धुमाकूळ घालतो आणि आई तर आता येणार! असे पुस्तक अर्ध्यावर टाकवत नाही.

आपल्याला इतके लांब जायचे कारण नाही. पंचतंत्रात चार मित्रांची गोष्ट आहे. तिघे विद्वान, चौथा अडाणी पण शहाणा. नशीब काढायला निघताना दोघे म्हणतात, याला विद्या नाही, याला परत पाठवा. तिसरा म्हणतो, लहानपणापासून एकत्र खेळलो, येऊ द्या. रानात मेलेल्या सिंहाची हाडे दिसतात. एक हाडे जुळवतो, दुसरा मांस-कातडे चढवतो, तिसरा प्राण फुंकायला पुढे होतो. चौथा म्हणतो, थांबा, मला आधी झाडावर चढू द्या. पुढे काय होते ते वाचक जाणतातच. आपल्या बहुतेक बालपुस्तकांत यातली ‘परत पाठवा’ची कुजबुज गाळलेली असते आणि खाली ठळक टाइपात तात्पर्य छापलेले असते. वर्गात ‘तू आमच्यात नको’ हे ऐकलेल्या मुलाला ती कुजबुजच पहिल्यांदा कळेल. तात्पर्य मास्तरांसाठी आहे. सिंहाने तिघांना खाल्ले हे मुलांना सोसणार नाही असेही काही जण म्हणतील. आमचा अनुभव उलट आहे. मुले तेच पान पुन्हा काढायला लावतात.

कोणी म्हणेल, ‘मित्र’ हा शब्दच जोडाक्षराचा, पहिलीच्या मुलाला जड. खरे आहे. पण मित्र, मंत्र, मैत्री, रात्र, चित्र या सगळ्यांत अडते ते एकच ‘त्र’. एका गोष्टीत ते वीसदा आले की पुन्हा शिकवावे लागणार नाही.

आपल्या मुलांची अडचण पुण्याच्या मुलांहून वेगळी आहे. प्राथमिक शाळेतच तीन लिप्या त्यांच्या पाटीवर येतात. कन्नड तर कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. ती शिकण्याबद्दल आमची तक्रार नाही. शेजाऱ्याची भाषा आली तर बरेच. पण मराठी वाचनाला उरणारा वेळ थोडा, आणि तेवढ्यात गोडी लागली नाही तर मूल घरी मराठी बोलेल, वाचणार नाही. त्यात पुस्तकातले मित्र पुणेरी बोलतात. चौथ्या मित्राने झाडावरून ‘अरे, काय करायलास?’ असे ओरडायला काय हरकत आहे? भाषा त्याने बाटत नाही.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत, बेंगळुरूची प्रथम बुक्स एकच गोष्ट मराठी आणि कन्नड दोन्हींत काढते. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत ती मुलांच्या हाती पडायला हवीत. इथल्या वाचनालयांनी वर्गणीतला काही भाग त्यासाठी बाजूला काढावा. आणि आमच्या भागातून निघणाऱ्या दिवाळी अंकांनी राशिभविष्याची चार पाने कमी करून मोठ्या टाइपातली, पानाला दोनच वाक्ये असलेली एक गोष्ट छापावी. चार मित्रांचीच छापली तरी चालेल. अकराव्या शतकात दुर्गसिंहाने पंचतंत्र कन्नडात आणले आहे, तेव्हा शेजारच्या बाकावरचा कन्नड मुलगाही ऐकायला बसेल. चित्रकारांना एकच विनंती: सिंह पान उलटल्याशिवाय दिसू नये.